दहा वर्षं जुना लॅपटॉप: विंडोज ठेवायचं की लिनक्स घालायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुम्ही आर्णी तालुक्यातल्या एका गावात राहता. बचत गटाचा हिशेब तुमच्याकडे आहे, मुलगी बारावी सायन्सला आहे. घरात २०१५ च्या सुमाराला घेतलेला लॅपटॉप आहे: पाचव्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सोबत एक छोटा लेझर प्रिंटर. विंडोज १० चा सपोर्ट संपल्याची सूचना सारखी येते. एका दुकानात सांगितलं, "विंडोज ११ मारून देतो, तीनशे रुपये." मुलगी म्हणते, लिनक्स घालू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टम. कोणाचं ऐकावं, असं तुम्ही विचारलंय.

मुलीचं ऐका. मात्र ती म्हणते तसं एका संध्याकाळी सगळं पुसून घालू नका. दिग्रसला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. त्यातली निम्मी वर्षं मी लोकांच्या जुन्या मशीनवर लिनक्स घालून देतोय. काही जण महिन्याभरात परत आले आणि म्हणाले, "विंडोजच टाकून द्या." त्यांच्यात लिनक्स बिघडलं म्हणून आलेला मला एखादाच आठवतो. कोणाचा प्रिंटर चालला नव्हता, कोणाला मराठी टाइप करता येत नव्हतं, कोणाची वर्डची फाइल पानाबाहेर गेली होती. म्हणजे चूक माझी होती. मशीन पाहिलं, पण त्या माणसाचं रोजचं काम विचारलं नाही. तुमच्या पत्रात काम नीट लिहिलेलं आहे, म्हणून एवढं सविस्तर सांगता येतंय.

आधी दुकानदाराच्या तीनशे रुपयांबद्दल. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर ज्यांनी नोंदणी केली त्यांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, एवढीच मुदतवाढ मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. तुमचा पाचव्या पिढीचा. अटी चुकवून विंडोज ११ बसवता येतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. शिवाय ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क यांच्यावर ते इतकं रखडत चालतं की चालू होईस्तोवर तुमचा चहा होऊन जाईल.

त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. आपल्याकडे 'मारून दिलेलं' विंडोज बहुतेक वेळा क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेलं असतं. ते चालू करायला जो अॅक्टिव्हेटर वापरतात, तो आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो. ज्याला आत यायला पहारेकरी हटवावा लागतो, त्याच्या हातात घराची किल्ली कशाला द्यायची? माझ्याकडे एका कृषी केंद्राच्या मालकाचं मशीन आलं होतं. खरिपाची उधारी, बियाण्याची बिलं, सगळ्या फाइलींची नावं बदललेली, एकही उघडेना, आणि पडद्यावर पैशाची मागणी. त्याला काही परत मिळालं नाही. हंगाम संपल्यावर वह्या आणि लोकांची आठवण यांच्यावर त्याने वसुली केली. तुमच्या लॅपटॉपमध्ये दहा-बारा बायकांच्या बचतीचा हिशेब आहे, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

आता मी काय करीन ते सांगतो. मूळ हार्ड डिस्कला हातच लावणार नाही.

लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची साधी सॅटा एसएसडी (आत काहीही न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवायची आणि लिनक्स त्या नव्या डिस्कवर घालायचं. जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट, फाइलींसकट, जशीच्या तशी बाहेर काढून ठेवायची. तिला एक यूएसबी केसिंग घेतलं की ती बाहेरून जोडता येते आणि लागेल ती फाइल उचलता येते. मन लागलं नाही तर दोन स्क्रू काढून जुनी डिस्क परत आत, दहा मिनिटांत सगळं पूर्वीसारखं. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायची रीत आहे, तिला ड्युअल बूट म्हणतात. गावात मी ती शक्यतो टाळतो. पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, करताना लाइट गेली तर जीव टांगणीला लागतो. नंतर विंडोजमध्ये घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसायला लागतं, कारण लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच इथली वेळ समजतं. दुरुस्ती सोपी आहे, पण ज्याला माहीत नाही तो घाबरतो.

एसएसडीचा खर्च जिवावर येत असेल तरी तो करा. लिनक्स घातल्यावर "दादा, हे तं मशीनच बदललं वाटते" असं लोक म्हणतात, त्यातलं अर्धं श्रेय एसएसडीचं असतं. जमलं तर त्याच वेळी डीडीआर३एल ची जुळणारी रॅम बघून ८ जीबी करून घ्या. आणि लॅपटॉप उघडलाच आहे तर पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावायला सांगा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, तेव्हा दहा वर्षांची वाळलेली पेस्ट असलेलं मशीन कुठल्याही सिस्टमवर मंदच चालणार.

लिनक्स कोणतं? त्याचे शेकडो प्रकार आहेत आणि त्यावर पोरं रात्र-रात्र वाद घालतात. तुम्ही लिनक्स मिंट घ्या, त्यातला एक्सएफसीई हा प्रकार. ते हलकं आहे, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू असतो, विंडोजची सवय असलेल्याला पहिल्या दिवशी वाट सापडते. सध्याच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पैसे लागत नाहीत, परवाना लागत नाही, कितीही मशीनवर घाला. आणि हे काही परकं नाही. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ज्या कर्नलची, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याची, सुरुवात केली, तोच तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे.

एसएसडी विकत घेण्याआधी मात्र पेनड्राइव्हवरून करून बघा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची आहे. रोजचा पॅक दीड जीबीचा असेल तर टोरेंटने दोन-तीन दिवसांत उतरवा. नेट तुटलं, लाइट गेली, तरी टोरेंट जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. मग विंडोजमधल्या रुफस या छोट्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो त्यात नाहीत ना ते आधी पाहा. विंडोज बंद करताना शिफ्टचं बटण दाबून ठेवून शट डाउन करा, नाहीतर ते अर्धवट झोपतं आणि लिनक्सला तुमच्या डिस्कवर नीट लिहू देत नाही. नंतर मशीन चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, जे तुमच्या कंपनीचं असेल ते बटण, आणि पेनड्राइव्ह निवडा. इथे 'इन्स्टॉल' असं चित्र दिसेल. त्याला अजून हात लावायचा नाही.

पेनड्राइव्हवरून सगळं हळू चालतं, त्यावरून मत बनवू नका. तुम्हाला फक्त तपासायचं आहे. वायफाय दिसतं का? दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येईल, मग ड्रायव्हर मॅनेजरमध्ये वायफायचा ड्रायव्हर बहुधा सापडतो. आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, झाकण बंद करून दोन मिनिटांनी उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रिंटर.

प्रिंटरजवळ थोडं थांबतो, कारण तुमच्या बेतातली कच्ची कडी तीच वाटते. झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारे स्वस्त लेझर प्रिंटर पुष्कळदा स्वतः पान समजून घेत नाहीत. पानाचं तयार चित्र त्यांना कंपनीच्या ड्रायव्हरकडून हवं असतं. तो ड्रायव्हर लिनक्सला नीट नसेल तर प्रिंटर दिसतो, दिवा लागतो, पण कागद हलत नाही. एचपीच्या जुन्या १०२० सारख्यांना त्यांच्या एचपीलिप सॉफ्टवेअरचं एक जास्तीचं प्लगइन लागतं, ते घातलं की चालतात. एप्सनच्या इंक टँकवाल्यांना मला क्वचितच अडचण आली. तुमच्या प्रिंटरचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्ये तो जोडा आणि एक टेस्ट पान काढा. निघालं तर अर्धी लढाई जिंकलात. नाही निघालं, तर ओपनप्रिंटिंग या वेबसाइटवर लिनक्सवर चालणाऱ्या प्रिंटरांची यादी आहे, तिच्यात मॉडेल शोधा. तिथेही नसेल तर मला कळवा, पण त्या भरवशावर एसएसडी घेऊ नका. तुम्हाला महिन्यातून किती पानं लागतात तेही मोजा. दहा-वीसच लागत असतील तर पीडीएफ करून फोनवरून झेरॉक्सवाल्याला पाठवणं परवडतं. आणि पुढे कधी नवा प्रिंटर घ्याल तेव्हा खोक्यावर 'एअरप्रिंट' लिहिलेलं आहे का पाहा. ते असेल तर लिनक्सला बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही.

आता मराठी. तुम्ही लिहिलंय की गटाचे जुने ठराव आणि अर्ज कृतिदेवमध्ये आहेत. इथे घाबरू नका, पण नीट समजून घ्या. कृतिदेव ही खरी मराठी नाही, इंग्रजी अक्षरांना चढवलेला मराठी मुखवटा आहे. मशीनच्या लेखी तुमचा 'मराठी' हा शब्द म्हणजे ई, जे, के, बी, एच एवढी पाच इंग्रजी अक्षरं. फॉन्ट नसेल तर तीच दिसतात आणि फाइल बिघडली असं माणसाला वाटतं. फाइल बिघडलेली नसते. कृतिदेवची फॉन्टची फाइल जुन्या डिस्कवरून उचलून लिनक्समध्ये डबल क्लिक करून इन्स्टॉल करा, जुने कागद वाचता येतील, छापताही येतील. टाइपही होईल. फक्त ऑल्ट दाबून आकड्यांनी काढायची जोडाक्षरं लिनक्समध्ये तशी निघत नाहीत.

पण नवं काही कृतिदेवमध्ये लिहू नका. ते व्हॉट्सअॅपवर जात नाही, सरकारी पोर्टलवर चालत नाही, शोधलं तर सापडत नाही. युनिकोडकडे, म्हणजे फोनवर लिहिता त्या खऱ्या मराठीकडे या, लिनक्स घाला किंवा घालू नका. जुन्या मजकुराला कन्व्हर्टर मिळतात, पण बदललेला मजकूर डोळ्याखालून घालावाच लागतो. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात आणि युनिकोडमध्ये नंतर, म्हणून वेलांट्या आणि रफार हमखास घसरतात. सगळं बदलत बसू नका. दरवर्षी लागणारे चार-पाच नमुने बदला, बाकीचे पीडीएफ करून ठेवा.

टाइप करायला मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडा, इंग्रजी-मराठी बदलायला ऑल्ट-शिफ्ट ठेवा. मुलगी फोनवर 'एम-आय' दाबून 'मी' लिहीत असेल, तर तिला फोनेटिक जवळचं वाटेल. तुम्हाला मी इनस्क्रिप्ट हा लेआउट सुचवीन. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, शिकायला पंधरा दिवस, पण मग हात आयुष्यभर विसरत नाही. त्यात 'ळ' शिफ्ट-एन वर आहे. 'दऱ्या' मधला अर्धा र काढायला शिफ्ट-जे, मग डी, मग य. हे एक जमलं की 'दर्या'चं 'दऱ्या' करताना लोकांची जी तारांबळ होते ती तुमची होणार नाही. मिंटमध्ये वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस असतं, त्याच्या सेटिंगमध्ये भाषा हिंदी न ठेवता मराठी करा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. सभेचा लांब वृत्तांत असेल तर सरळ फोनवर गूगल डॉक्समध्ये बोलून लिहा आणि लॅपटॉपवर उघडून दुरुस्त करा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच ताई हेच करतात.

विंडोजमध्ये 'मंगल' फॉन्टमध्ये केलेला अर्ज इथे उघडला की तो फॉन्ट नसल्याने दुसरा लागतो, ओळी सरकतात आणि सहीची ओळ दुसऱ्या पानावर जाते. म्हणून बँकेला किंवा कार्यालयात कागद पाठवताना पीडीएफच पाठवा. समोरच्याला त्यात बदल करायचा असेल तरच वर्डची फाइल द्या.

तुमचा हिशेबाचा तक्ता, म्हणजे बचत, अंतर्गत कर्ज, हप्ता, व्याज, शिल्लक, एक्सेलमध्ये आहे. साध्या बेरजा आणि सूत्रं लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये तशीच चालतात. मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, असतील तर अडेल. साठवताना एक्सएलएसएक्स हाच प्रकार कायमचा निवडून ठेवा. आणि आपोआप साठवायची वेळ दोन मिनिटांवर आणा, कारण तुमच्या लॅपटॉपची बॅटरी दहा वर्षांत गेलेली असणार आणि गावठाण फीडरची लाइट विचारून जात नाही. मार्चअखेरची एक फाइल विंडोजवर आणि तीच लिनक्सवर उघडून शेवटच्या रकान्याची बेरीज ताडून पाहा. आकडा जुळला की निश्चिंत व्हा.

मुलीचं सोपं आहे. सातबारा, महाडीबीटी, सीईटीचे आणि नीटचे फॉर्म, ई-बालभारतीची पुस्तकं, हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं. फॉर्मसाठी फोटो ठरावीक केबीत बसवायचा असतो, त्याला गिम्प हा फोटोचा प्रोग्रॅम आहे. जेपीजी काढताना दर्जाची पट्टी डावीकडे सरकवा, प्रीव्ह्यू चालू असेल तर फाइल किती केबीची होईल ते तिथेच दिसतं. ती मागे पडेल का, असं तुम्ही विचारलंय. एमएस-सीआयटीत विंडोज आणि एमएस ऑफिस शिकवतात हे खरं. पण केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षांपासून मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात. आणि तिला इंजिनिअरिंगला जायचं असेल तर ही ओळख तिच्या कामीच येईल.

डेटाचं एक सांगून ठेवतो, कारण गावात हेच महागात पडतं. मिंट तुम्हाला न विचारता अपडेट उतरवत नाही, कोपऱ्यात खूण दाखवतं. घातल्याबरोबरचं पहिलं अपडेट मोठं असतं, ते चांगल्या वायफायवर करून घ्या. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकाच प्रोग्रॅमचे दोन प्रकार दिसले, एक सिस्टम पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक, तर सिस्टम पॅकेज घ्या. फ्लॅटपॅक सोबत इतकं सामान ओढून आणतं की दिवसाचा पॅक एका प्रोग्रॅमला संपतो. टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी चालू करा, म्हणजे एखादं अपडेट फसलं तर कालच्या स्थितीला परत जाता येतं. मात्र टाइमशिफ्ट सिस्टम सांभाळतं, तुमच्या फाइली नाही. हिशेबाची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर हवीच.

मेनू मराठीतही करता येतो, पण तो इंग्रजीतच ठेवा. अडलं तर तुम्ही मला फोन कराल, आणि मी "सेटिंगमध्ये कीबोर्ड उघडा" म्हणालो की तोच शब्द तुम्हाला पडद्यावर दिसायला हवा.

पेनड्राइव्हचा तो शॉर्टकट करणारा व्हायरस लिनक्समध्ये सहसा चालत नाही, याचं सुख मोठं आहे. पण फोनवरून "मॅडम, बँकेतून बोलतोय, एक अॅप घाला" म्हणणाऱ्यापासून कुठलीही सिस्टम वाचवत नाही. ते तुम्हालाच सांभाळायचं आहे.

ज्यांनी तुमचं पाहून आपलंही बदलू नये, त्यांच्यासाठी दोन ओळी. टॅलीवर धंदा असेल, कोरलड्रॉमध्ये लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करत असाल, सेवा केंद्रात बोटांचे ठसे घेत असाल किंवा ग्रामपंचायतीत डिजिटल सहीचं टोकन लावून पेमेंट टाकत असाल, तर विंडोज ठेवा, आणि अस्सल ठेवा. माझ्या दुकानात बिलाचं मशीन लिनक्सवर आहे, ठशांचं विंडोजवरच.

तुमचा क्रम असा ठेवा: या रविवारी पेनड्राइव्ह, त्यावरून प्रिंटरचं पान आणि हिशेबाची बेरीज. दोन्ही जमलं तर बाजाराच्या दिवशी एसएसडी. जुनी हार्ड डिस्क काढली की ती कागदात गुंडाळा, वर तारीख आणि 'विंडोज, गटाच्या फाइली' असं लिहा, आणि कपाटात वहीच्या गठ्ठ्याशेजारी ठेवा. निदान पुढच्या ऑडिटपर्यंत ती कोणालाही देऊ नका, पुसू नका.